चौथ्या वकीलबाई

सरकारी वकीलबाईंनी नोकरी सोडल्याचं कळलं, त्या दिवशी मी माजी सैनिकांच्या अपील कार्यालयात बसलो होतो. माझी बायको लष्करात नर्स होती. ती वारली, पण पेन्शनचं अपील चालूच होतं. शेजारी दोन म्हातारे होते, एक तोफखान्यातला, दुसरा लष्करी ड्रायव्हर.

“तोफवाले, बाई गेल्या म्हणे.”

“उजवीकडून बोला. डावा कान तोफेने नेला.”

“वकीलबाई नोकरी सोडून गेल्या. आता नवीन वकील येणार, मुदत मागणार.”

“म्हणजे पेन्शनसाठी माझा कान नव्या वकिलाला पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकवायचा. या चौथ्या होत्या.”

“अहो, त्या तुमच्या विरुद्ध बाजूच्या.”

“असू दे. त्यांना कान समजला होता. पुढच्या तारखेला ‘सरकारची हरकत नाही’ म्हणणार होत्या.”

“मग आता?”

“मी आधीच अर्ज दिलाय, बाईंचा पगार वाढवा, त्यांना थांबवा म्हणून.”

“त्याचं काय झालं?”

“सरकारचं म्हणणं मागवलंय.”

“ते कोण मांडणार?”

“बाईच मांडणार होत्या.”

बायकोची फाइलही याच बाईंकडे होती. तिची सुनावणी अजून व्हायची आहे.