बापाच्या वाट्याचा दिवस

नाय नाय, उठू नका चाचा, बसा की. पिशवी घेतो मी मांडीवर, झाली जागा. दिवाळीच्या सुट्टीत सिद्धार्थ उद्यानात बाकडं मिळणं म्हणजे एसटीत खिडकी मिळाल्यासारखंच — ती तुमची नात का, हिरव्या ओढणीची? खुशनुमा? ब्येस नाव हाय. अन् घसरगुंडीवर तिच्या मागं उभीय ना, दोन वेण्यांची, ती माझी. सोनिया. चौथीला हाय. जमलं बघा दोघींचं. माझ्याशी सकाळपासून एवढं बोलली नाय, तेवढं तुमच्या नातीशी बोलून झालं.

आई? हिची आई घरी हाय, तिला काम होतं. म्हणून आम्ही दोघंच, बापलेक. सकाळी मकबरा दाखवला, मग पाणचक्कीला हौदातले मासे दाखवले, लई वेळ बघत बसली ती मासे. मग चालतच इथं. वाघबी बघितला, पण तो आमच्याकडं पाठ करून झोपलेला. कमी खर्चात होतं तेवढं सगळं केलं. अजिंठ्याला नेणार होतो, जमलं नाय यंदा. डबा मीच केला — हसू नका. चपात्या कडक झाल्या जराशा, पण भेंडी बरी झालती. म्हणलं, सोनिया, चांगली झाली का गं? तर म्हणली, हो, थँक्यू. थँक्यू! बापाला थँक्यू म्हणतंय का कोणी? पाव्हण्याला म्हणतेत. अन् हा बघा, हा फ्रॉक. गुलमंडीतून घेतलाय, दिवाळीचा. अंगाला लावून बघितला तिच्या, तर पार गुडघ्याच्या वर. मागच्याच मापानं घेतला ना मी. तिनं नीट घडी घातली, पिशवीत ठेवला, अन् मलाच म्हणती, रंग छान हाय पप्पा. आता पोरगी डोळ्यासमोर वाढली असती तर कळलं असतं —

व्हय. बरोबर ओळखलं तुम्ही. घरी म्हणजे माझ्या घरी नाय. मुकुंदवाडीला, सोनियाच्या मामाकडं. कोर्टातनं ठरलंय तसं. सुट्टीतला एक दिवस बापाचा, दिवस मावळायच्या आत पोरगी आणून सोडायची. तिचा मामा उभाच असतो गल्लीच्या तोंडाशी. प्रेरणा, हिची आई, वाईट नाय चाचा, तसं मी म्हणणार नाय. मीबी हात नाय उचलला कधी, दारूला शिवत नाय, तुम्ही कोणालाबी विचारा. वाळूजला रातपाळी करायचो, घरी आलो की झोप, उठलो की चिडचिड. ती बोलायची बंद झाली, मग मीबी झालो. आपण दोघंच घरात हाय असं वाटायचं आम्हाला, अन् ही मधी बसून चित्रं काढायची, गपचूप. जाऊ द्या.

कुठं जाऊ द्या? नाय जात. आत्ता जेवताना म्हणती कशी, पप्पा, पुण्याच्या शाळेत पांढरे बूट लागतेत. म्हणलं, कोणाच्या शाळेत? तर म्हणली, माझ्या. आईला तिथं नोकरी लागलीय, सुट्टी संपली की आम्ही जाणार. घास तोंडातच राह्यला माझ्या. मला कोणी सांगितलंच नाय! पोरीच्या तोंडून कळलं, तेबी बुटांवरून. मुकुंदवाडी अन् माझी खोली, मधी काय अंतर हाय? तरी मला ती सणावारीच दिसती. पुण्याला गेल्यावर मी कोण तिचा? फोनवर "जेवलीस का" इचारणारा माणूस. चाचा, माझं डोकं जाग्यावर नाय तवापासून. ह्या पिशवीत नुसता फ्रॉक नाय. तिच्यासाठी टॉवेल घेतला, ब्रश घेतला, समोरच्या दुकानातून. एसटी स्टँड काय, हे इथंच. तिचा हात धरून गेलो अन् नांदेडची गाडी विचारून आलो. ताई हाय माझी तिथं. आता थोड्या वेळात लागंल गाडी.

पुढं काय, ते नाय माहीत. शाळेत घालीन तिला तिथंच. काम शोधीन. पोलीस आले तर ताईच्या सासरी शेतावर खोली हाय, कोणाला सापडत नाय ती — ऐका. ऐका माझ्याच तोंडातून काय निघतंय. पळवून? नाय हो, पळवून कशाला म्हणता? स्वतःच्या लेकराला कोण पळवून नेतं का? हात सोडा माझा. चाचा, हात सोडा म्हणतो.

मी विचारलंय तिला. जबरदस्ती नाय केली. म्हणलं, आत्याकडं जायचं का? तर पहिलं तिनं काय विचारलं — आईला सांगितलं का? अन् मी म्हणलं, हो. बोललो मी आईशी, आई हो म्हणली. तवापासून बघा कशी खिदळतीय. सकाळपासून हसली नव्हती पोरगी. आत्याचं काय एवढं, आत्याचा चेहराबी नीट आठवत नसंल तिला. तिला वाटतंय, आई अन् पप्पा बोलले. एकमेकांशी बोलले! त्याची उडी हाय ती, चाचा. अन् मी तिला... मी तर...

आली. गप बसा. तिच्यापुढं काही बोलू नका, पाया पडतो तुमच्या. — काय गं, दमलीस? घे, पाणी पी. सावकाश. ...आईला फोन? आत्ता कशाला? आत्याकडं पोचलो की लावू. ...स्वेटर घरी राह्यला, ते सांगायचंय? अगं, तिकडं घेऊ की नवीन. ...नाय, फोनच बंद पडलाय माझा. चार्जिंग संपलं. खरंच बाळा, मी कशाला खोटं —

हां. ऐकू येतंय मला. माझ्याच खिशात वाजतोय.

अशी बघू नको, सोनिया. नको ना बघू अशी.

घे. आईच हाय, नाव आलंय बघ. तूच बोल. ...नाय. नाय बोललो मी तिच्याशी. काहीच सांगितलं नव्हतं. आम्ही नाय बोललो, बाळा. तू उचल आधी, बंद होईल. सांग तिला, बागेत हाय म्हणावं. पप्पा घेऊन येतेत म्हणावं, मुकुंदवाडीला, आत्ताच निघालो. ...रडू नको, ती घाबरंल तिकडं. सांग ना, सोनिया, आत्ताच निघालो म्हणून —

चाचा, तुम्ही जा आता. नात एकटी हाय तुमची तिकडं. जा म्हणलं ना.