टाकीत कोण कोण जेवतं

हॅलो?… कोण, लितिया? अगं बाई, केलास फोन!… हो, सकाळपासून मीच लावत होते… नाही गं, तुझा क्रेग बरा आहे, उसाच्या शेतावर गेलाय. सासूनं सुनेला फोन करायला काही व्हायलाच हवं का?… हं. हवं. खरंय तुझं.

अगं ऐक ना, तो टाकीवाला बार्नी येऊन गेला. हो, संडासाची टाकी, मागच्या अंगणातली… वासाचं विचारूच नकोस. त्या रविवारी चर्चच्या बायका चहाला बसल्या नि टाकीतलं पाणी गवतावर शिंपडणारे ते फवारे सुटले, घाण पाण्याचे… हो. मी काय म्हणाले, तू माहेरी का निघून गेलीस, सगळं आठवतंय मला. "सूनबाई नारळाचं दूध, तेल, सगळं मोरीत ओततात, फिजीची सवय"… पुन्हा नको म्हणूस गं, ऐकवत नाही.

तर बार्नीनं झाकण उघडलं… नव्हतं, लितिया. तेलाचा थेंब नव्हता. तो म्हणतो, टाकीत जिवाणू असतात, त्यांना तोंडच नसतं. आपण खाली सोडतो त्यावर ते आपला रस सोडतात, विरघळलं की अंगानं शोषून घेतात. झालं त्यांचं जेवण… अगं, मुद्द्यावरच येतेय! पुढच्या खणात तो पंप बुडबुडे सोडतो ना, तिथं डोळ्याला न दिसणारे, घंटेसारखे जीव असतात. ते या जिवाणूंना खातात, म्हणून गवतावर पाणी स्वच्छ जातं. आता टाकीत कोणीच नाही. जेवणारेही मेले नि त्यांना खाणारेही.

कशानं?… ब्लीचनं… कुणी काय? मी ओतलं… मी, अगं, मी! कपाटात होतं तेवढं सगळं.

कधी ते कशाला हवंय तुला? बायका येणार म्हणून संडास जरा चकचकीत… नाही. खोटं बोलतेय मी. त्याच्या आधी. तुझे आईवडील, मामा राहून गेले ना, त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी बाटल्या काढल्या…

नाही गं, काही घाण केली नव्हती त्यांनी. उलट तुझी आई जाताना न्हाणीघर पुसून गेली होती. मी पाहिलं होतं. तरी पुन्हा घासलं, भिंतीसुद्धा. आणि वर तुझ्यावरच ढकललं, बायकांसमोर. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून… लाज वाटते गं. आरशात बघवत नाही मला.

हो, त्या बायकांना सांगणार आहे. येत्या रविवारी, चहाच्या वेळीच… ब्लीचचं? तेही सांगेन.

क्रेग म्हणाला, तुमच्यात माफी मागायची तर यांगोनाची मुळं, तुम्ही कुटून पेय करता ती, घेऊन जातात, मोठ्यांपुढे जमिनीवर बसतात. माझे गुडघे वाकत नाहीत गं, पण बसेन कशीही. विहीणबाई दारात तरी उभं करतील का मला?…

काय?… स्पीकरवर?… कधीपासून?… पहिल्यापासून! मामाही आहेत?… न्हाणीघराचंही ऐकलं?… अरे देवा. विहीणबाई… मी… कुणी बोला ना. शिव्या द्या हवं तर.

हॅलो?… हा कसला आवाज? टाळ्या?… तुझ्या लग्नात मामांनी यांगोनाचं वाडगं घेताना ओंजळ करून वाजवल्या होत्या, तशा?… म्हणजे… लितिया, म्हणजे त्यांनी घेतली का गं माझी माफी?…

तू घेतलीस का?… बरं. बरं, नको सांगूस आत्ता. जेव्हा वाटेल तेव्हा.

नाही, रडत नाहीये… अगं, एवढं एकच. बार्नीनं टाकी उपसलीय. म्हणतो, ती पुन्हा जिवंत व्हायची तर घरात माणसं हवीत, रोज खाणारी-पिणारी, भरपूर. एका म्हातारीनं नि तिच्या लेकानं टाकी भरत नाही म्हणे… हसतंय कोण? मामा?… हसा, हसा. या म्हणावं सगळ्यांना. आणि विहीणबाईंना सांग, न्हाणीघर पुसायचं नाही. मीही नाही पुसणार…

हॅलो?… लितिया?… हॅलो?… लाइन गेली वाटतं. लावते पुन्हा.