मराठी बोलणारी थेरपिस्ट

लुडविग्सहाफेनच्या ट्राममध्ये माझ्या मागे एक मराठी नवरा-बायको बसले होते.

"दीपा, क्रांकेनकासेचं पत्र उघड ना. विम्याचं काय ठरलं, बघू."

"नको, यशपाल. त्या मराठी थेरपिस्टकडे कासेची मान्यता नाही. विमा तिचे पैसे कशाला देईल?"

"मान्यता असलेल्या कुणाकडेच जागा नसेल, तर देतात. मी चौदा जणांना फोन केले आणि सगळ्यांचे नकार लिहून पाठवले."

"तू? जर्मनमध्ये? डॉक्टरची वेळसुद्धा तू मलाच घ्यायला लावतोस!"

"वाक्यं पाठ करायचो. लंच ब्रेकमध्ये, लॅबच्या मागे उभा राहून."

"आणि मी समजत होते, तुला कंटाळा आलाय माझ्या रडण्याचा."

"आई गेली हे जर्मनमध्ये सांगताच येत नाही, असं म्हणाली होतीस ना तू?"

"हो."

"मग उघड आता."

कागद फाटल्याचा आवाज आला.

"यश, मंजूर झालं रे! चोवीस सेशन्स."

"गेनाऊ! अगदी बरोबर! म्हटलं नव्हतं?"

"पहिल्या दिवशी येशील सोबत?"

"दारापर्यंत येईन. आत तू मोकळेपणी बोल."

"आणि तोपर्यंत तू काय करशील?"

"बाहेर बसेन. मलाही आठवतात गं आई."