काकूंच्या नावाने हात वर करण्याआधी

मंडळी, आयाबहिणींनो, पंचायतीसमोर आज इतके सगळे जमलात. बोलायला उभी राहिले, त्याला दोन कारणं. कौसाकाकू गेल्या, हे एक. दुसरं न सांगता बसले तर ते खोटेपणाचं होईल.

आत्ताच सरपंचभाऊ म्हणाले, "आपलं गाव जालन्याच्या महापालिकेत जाऊ नये, ही काकूंची इच्छा. मंग आज सगळ्यांनी हात वर करा. उद्या ग्रामसभेत फक्त ठराव लिहायचा. हीच श्रद्धांजली."

भाऊ, तुमच्या मनात वाईट नाही. पण मला भीती वाटते.

काकू सरपंच होत्या तेव्हाची त्यांची रीत आठवा. कुणाचा हात वर होण्याआधी त्या विचारायच्या, "नळाच्या शेवटच्या टोकाचं कोण आलंय का? न्हाई? मंग थांबा." लोक वैतागायचे. कुणीतरी ओरडायचं, "काकू, चहा थंड होऊन राह्यला!" काकू म्हणायच्या, "होऊ दे. लग्नाला आल्ता का रे तू?"

काकू विरोधात होत्या, हे खरं. घरपट्टी वाढेल, अडीनडीला दारात जाऊन हाक मारायला सरपंच उरणार नाही, असं त्या म्हणायच्या. मी महापालिकेच्या बाजूची. तुम्हाला ते ठाऊक आहे. मग आज मी काकूंसाठी बोलतेय, की माझ्या बाजूसाठी? सकाळपासून स्वतःला विचारतेय.

पण मागच्या आठवड्यात ओट्यावर शेंगा फोडता फोडता त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, खालच्या गल्लीतली सुमन म्हणती, गावात राहून तरी आमच्या नळाला पाणी कुठं आलं? तिला मी काय सांगू?"

मी विचारलं, "म्हणजे तुमचं मत बदललं?"

"लई जल्दी गं तुला! बदललं न्हाई. अडकलंय. सुमनला सभेत बोलू दे, मंग बघू."

मंडळी, काकूंचं मत बदललं होतं असं मी म्हणणार नाही. तो हक्क मला नाही. पण त्यांचं मत पक्कं होतं, असंही कुणी म्हणू नका.

आज हात वर झाले, तर उद्या सुमनने बोलायचं कसं? गेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? ती गप्प बसेल. आणि त्या गप्प बसण्याला आपण एकमत म्हणू. म्हणू ना?

सुमन, तू मागे उभी आहेस. मान खाली घालू नकोस. तू काय म्हणशील ते मला माहीत नाही. माझ्या विरुद्धही बोलशील.

शोकसभेत हे बोलायला नको होतं का? असेल. माफ करा.

उद्याचं काम एकच. ठराव वाचण्याआधी सुमनचं ऐकायचं.

आता उभे राहा. काकूंसाठी हात जोडू या. वर नको.