सांगू नका, गुरुजी

न्हाई न्हाई, राग आलाय ते कळतंय की, गुरुजी! तुम्ही अहमदपूरहून फटफटी हाणत येणार, घसा सुकस्तोवर शिकवणार, आन तिसरीची लेकरं शब्दाला अडली की पुस्तक घेऊन पळणार खिचडीच्या खोलीत, पंचफुला मावशीकडं — कुणालाबी राग येईल. बसा त्या डब्यावर. तांदळाचा हाय, मोडत न्हाई. चष्म्यावर वाफ येईल, जरा सरकून बसा.

तुमचं चुकतं कुठं सांगू? लेकरू अडलं की तुम्ही लगीच सांगून टाकता. मग त्येनं डोकं कशाला चालवावं? आयतं मिळालं की खाल्लं! आमच्याकडं सोयाबीन पेरलं की मधीमधी नांग्या पडतात — बी उगवत न्हाई तिथं, मोकळीच जागा ऱ्हाती. तिथं कुणी कपाळाला हात लावून बसतंय का? न्हाई. म्होरं जायचं, सगळी ओळ बघायची, मग माघारी येऊन नांग्या भरायच्या. मागं सोयाबीन, म्होरं सोयाबीन, मग मधी काय टोचायचं ते इचारावं लागतंय व्हय? तसंच हे. परवा धम्मप्रिया आली — 'रस्ता निर्मनुष्य होता', तिथं अडलेली. म्हणलं, सोड त्येला, म्होरं वाच. तर दुकानं बंद, कुत्रंबी दिसंना. म्हणलं, आता माघारी ये, त्या शब्दात वळखीचं कुणी हाय का बघ. म्हणली, मनुष्य हाय. मग? — डोळे अस्से झाले बगा तिचे! "मावशी, माणूसच नसलेला रस्ता!" मी काय केलं? कांदा चिरला.

किती शिकले? — आता हे काय मधीच! लागतंय तेवढं शिकले. नऊ वर्सं झाली ह्या शाळेत, लेकरं चौथी होऊन गेली, मी हितंच. न्हाई, पुस्तक नका देऊ, हात हळदीचे हायत. आन मी पुस्तक धरतच न्हाई कधी, वाचणाऱ्याच्याच हातात ठेवते. मला काय ठावं त्या ओळीत काय —

घ्या. सुटलं तोंडातून.

न्हाई येत वाचाया. एक अक्षर न्हाई. सही येती, तीबी रांगोळीवाणी काढते. पण पाया पडते गुरुजी, लेकरांला कळू देऊ नका. त्यांला वाटतंय मावशीला समदं येतंय, मुद्दाम सांगत न्हाई. हे कळलं तर कोण येईल माझ्याकडं? ताट भरून घेतील आन जातील. घरी चार भिंती आन मी. दिवसातला हा अर्धा घंटा मला लई गोड लागतो, खोटं कशाला बोलू.

कंची पाटी? ती व्हय — कंच्या वारी काय शिजवायचं त्याची. रविवारी भिंतीला चुना दिला ना, तवा मीच काढली, पुसली, मीच लावली परत. आज गुरुवार. का बरं? का हसायलात?

उलटी?

वरचं खाली? — अवो, चार दिस झाले! लेकरं तिच्याच खाली बसायलीत रोज. एकबी बोललं न्हाई? ... थांबा. सोमवारी धम्मप्रिया आली, पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, लई येळ. मग खाली बसून म्हणली, मावशी, शब्द अडलाय. म्होरं जा, माघारी ये, समदं झालं, आन शेवटी शब्द निघाला काय, तर 'शाळा'! म्हणलं, तिसरीत येऊन शाळा येईना व्हय गं तुला? नुसती हसली. माझ्या पदराला हात पुसून गेली.

म्हणजे मागचं-म्होरचं बघून तिनं मलाच वाचलं की, गुरुजी. मीच शिकवलेलं! आन तरीबी येती. काल आली, आजबी येईल.

द्या ती पाटी हिकडं. अश्शी. आता बसली का सरळ? वरून पहिला शब्द कंचा — थांबा, तोंड उघडू नका! पहिला वार सोमवार, आन सोमवारी मटकी. म्हणजे हितला 'म', आन तिकडल्या 'सोमवार'मधला... सांगू नका म्हणलं ना! जावा तुम्ही वर्गात.