नव्वद पौंड सोळा शिलिंग

नार्डू: एकाहत्तर पौंड चार शिलिंग. तीनदा मोजले, मामा. बाकीचे नव्वद पौंड सोळा शिलिंग कुठे आहेत?

विस्तीन: हे बँकेचा कॅशियर म्हणून विचारतोयस की जावई म्हणून?

नार्डू: कॅशियर म्हणून. जावई म्हणून या क्लबाची पायरी मी चढलोच नसतो, मी समोरच्या संताच्या वाजंत्री क्लबाचा.

विस्तीन: चढलास ती पाय पुसून तरी चढायचीस. सान बास्तियानच्या क्लबातला चिखल सांता कतरीनाच्या फरशीवर आणलास.

मेना: बाबा, मागचं अर्धं छप्पर बॉम्बने नेलं. तुम्हाला चिखल दिसतोय?

विस्तीन: छप्पर शत्रूने नेलं, मेना. चिखल तुझ्या नवऱ्याने आणला. दोघांचे हिशेब वेगळे ठेवायचे.

नार्डू: हिशेबाचंच बोलू. नाणी दडवायची नाहीत, बँकेत द्यायची आणि नोटा घ्यायच्या, असा आदेश आहे. गोदीतल्या माणसाला पगार मिळतो आणि पाव घ्यायला सुटे नसतात. बसवाला उरलेल्या पेनीच्या बदल्यात आगकाड्या हातावर ठेवतो. उद्या सकाळी दहाला इंग्रज तपासनीस येतोय. त्याच्या यादीत लिहिलंय, सांता कतरीना बँड क्लब, एकशे बासष्ट पौंड, सगळी चांदी, खजिनदार विस्तीन.

विस्तीन: त्याच्या यादीत हे कुणी घातलं? तूच ना?

नार्डू: तुम्हीच. लढाईआधीच्या शेवटच्या उत्सवात, या सज्जात उभं राहून, तोंडाला कर्णा लावून. पाद्री होते, फौजदार होता, सगळं गाव होतं. ‘कतरीनाच्या मूर्तीच्या मुकुटासाठी एकशे बासष्ट पौंड चांदी जमली, समोरच्यांनी ऐकावं.’ समोरचे आम्हीच होतो. ऐकलं आम्ही. फौजदारानेही ऐकलं आणि वहीत लिहून ठेवलं.

विस्तीन: मग ऐकलंत ना? झालं तर.

नार्डू: झालं कसं? डब्यात एकाहत्तर आहेत. तपासनीस म्हणणार, उरलेली चांदी तुम्ही पुरून ठेवलीत. तीन महिने आत जाल. दमा आहे तुम्हाला.

विस्तीन: माझ्या दम्याची काळजी बास्तियानवाल्यांनी केव्हापासून सुरू केली?

नार्डू: बास्तियानवाल्यांनी आपली चांदी गेल्या महिन्यातच जमा केली. मुकाट्याने. पावती घेतली, नोटा घेतल्या, घरी गेले.

विस्तीन: नोटा! दाखव तुझ्या नोटा. मेना, तूही बघ. छापलंय काय? दोन शिलिंग. वर तांबडा शिक्का काय मारलाय? एक शिलिंग. मागच्या लढाईच्या उरलेल्या नोटा तळघरातून काढल्या, दोनाचा एक केला आणि आम्हाला सांगतात विश्वास ठेवा. उद्या शाई उरली तर एकाचा अर्धा करतील.

नार्डू: लहान नोटा छापून यायला जहाजं हवीत. जहाजं बुडतायत. होतं ते वापरलं.

विस्तीन: मीही होतं ते वापरलं.

नार्डू: म्हणजे?

विस्तीन: काही नाही.

मेना: मी सांगते.

विस्तीन: मेना, तू गप्प बस.

मेना: आयुष्यभर गप्पच बसले. नार्डू, एकशे बासष्ट कधी नव्हतेच. मी नऊ वर्षांची असल्यापासून हा डबा पुसतेय, एकदाही तो गळ्यापर्यंत भरलेला पाहिला नाही. तुमचे काल्चिदोन वकील समोरच्या सज्जातून ऐंशी म्हणाले, तर बाबा पंच्याऐंशी म्हणाले. ते शंभर, तर हे एकशे दहा. त्या वर्षी त्यांनी आधी घोषणा केली, एकशे साठ. बाबांनी फक्त दोन वाढवले.

विस्तीन: दोनच वाढवले. हाव केली नाही.

नार्डू: मामा, हसू का रडू मी?

विस्तीन: तुमच्यात जे करतात ते कर. सरकारने दोनाचा एक केला की त्याला म्हणायचं व्यवस्था. मी एकाहत्तरचे एकशे बासष्ट केले की गुन्हा.

नार्डू: गुन्हा नाही. तेच तर सांगतोय. हा कागद घ्या, यावर सही करा. मी मजकूर लिहूनच आणलाय. ‘जाहीर केलेला आकडा उत्सवाच्या भरात सांगितला होता, प्रत्यक्षात क्लबाजवळ इतकीच नाणी होती, ती सर्व जमा केली आहेत.’ आकड्याची जागा कोरी आहे. एकाहत्तर-चार भरू. तपासनीस हे मानतो. कागद बँकेच्या कपाटात बंद राहील, गावात कुणाला कळणार नाही.

विस्तीन: ‘उत्सवाच्या भरात.’ वा. हे वाक्य तुझं नाही.

नार्डू: माझंच आहे.

विस्तीन: तुला बायकोला वाढदिवसाची चिठ्ठी धड लिहिता येत नाही. आणि तपासनीस हे मानतो, हे तुला कसं कळलं? आधी कुणाचं मानलं त्याने?

नार्डू: अंदाज आहे.

विस्तीन: कॅशियर अंदाज करत नाहीत. मेना, तो कागद इकडे दे. नाही, खिडकीशी धर. आडवा.

(विस्तीन चष्मा पुसून कागद उजेडात तिरपा धरतो. नार्डू तो परत घ्यायला हात पुढे करतो. मेना मध्ये उभी राहते.)

विस्तीन: पॅडमधला खालचा कागद घेऊन आलास, शहाण्या. वरच्यावर कुणीतरी दाबून लिहिलंय. काल्चिदोन वकिलाला पहिल्यापासून सवय, टाक असा दाबतो की टेबलालासुद्धा सही उमटावी. ही बघ त्याच्या नावाची शेपटी. आणि हा आकडा. पाच... आठ. अठ्ठावन्न?

नार्डू: मामा, कागद द्या.

विस्तीन: एकशे साठ म्हणाला होता तो. सज्जातून, पाद्र्यासमोर. आणि डब्यात अठ्ठावन्न?

नार्डू: मी काही बोललेलो नाही. हे बँकेचं गुपित आहे. मी शपथ घेतलीय.

मेना: तू महिनाभर हे पोटात ठेवलंस? बाबा आत जातील हे माहीत असून?

नार्डू: मी त्यांना वाट दाखवतोय ना? सही करा म्हणतोय ना? आणखी काय करू?

मेना: सांगायचं होतंस. एवढंच सांगायचं होतंस की तुमच्या आधी ते वाकले. बाबांनी झोपेत सही केली असती.

नार्डू: आणि दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत सगळ्या गावाला सांगितलं असतं. ओळखतो मी त्यांना. माझा क्लब गेला, माझी नोकरी गेली.

विस्तीन: तुझा क्लब आधी म्हणालास, नोकरी नंतर.

नार्डू: तुम्ही कसे क्रम लावता ते पाहिलंय की आम्ही.

मेना: बाबा, ऐका. आता रागावू नका, नुसती वजाबाकी करा. एकाहत्तर आणि अठ्ठावन्न. खऱ्या चांदीतसुद्धा तुम्हीच पुढे आहात. तेरा पौंडांनी.

विस्तीन: तेरा पौंड चार शिलिंग.

मेना: मग करा ना सही.

विस्तीन: आणि हे तेरा पौंड गावाला कोण सांगणार? माझा कागद कपाटात, त्याचाही कागद कपाटात. लढाई संपली की काल्चिदोन सज्जात येईल, एकशे साठ म्हणेल आणि मी इथे एकाहत्तर गिळून उभा राहीन. बोल नार्डू, तू सांगशील?

नार्डू: नाही.

विस्तीन: मी सांगितलं तर?

नार्डू: तर तपासनीस विचारेल, कपाटाची किल्ली कुणाकडे असते. मला त्याच दिवशी काढतील. या दिवसांत पगाराशिवाय बेटावर कसं जगायचं ते तुम्हीच सांगा.

विस्तीन: बापाला विचार तुझ्या.

नार्डू: बाप गोदीत मेला. ते माहीत आहे तुम्हाला.

विस्तीन: माहीत आहे. मयताला आलो होतो. तुमच्या बाजूच्या बाकावर बसावं लागलं होतं.

मेना: बाबा.

विस्तीन: मेना, कितवा महिना?

मेना: सहावा संपत आलाय.

विस्तीन: हं.

नार्डू: सांगणार आहात का तुम्ही? स्पष्ट सांगा. मला बँकेत परत जायचंय.

विस्तीन: मी कशाला सांगू? खिडकीत उजेड कमी होता, मला काही वाचता आलं नाही. हा घे तुझा कागद. दुसऱ्या वेळी नवं पॅड वापर.

नार्डू: सही?

विस्तीन: सही नाही.

नार्डू: मामा, खुळेपणा करू नका. सही नाही तर ते नव्वद पौंड सोळा शिलिंग तुम्ही दडवलेत असंच धरतील.

विस्तीन: धरू देत. तसंच लिही. ‘खजिनदार विस्तीन याने एकशे बासष्टपैकी एकाहत्तर पौंड चार शिलिंग दिले, उरलेली चांदी देण्यास नकार दिला.’ नकार शब्द ठळक लिही.

मेना: नसलेल्या चांदीसाठी तुरुंगात जाणार तुम्ही?

विस्तीन: असलेल्या चांदीसाठी कुणीही जातो.

नार्डू: माझ्यावर उपकार करताय असं दाखवू नका. मी मागितलेले नाहीत.

विस्तीन: तुझ्यावर? आरशात बघ एकदा. मी माझ्या आकड्यासाठी चाललोय. ते वाकले, आम्ही नाही वाकलो. कोर्टात आरोप मोठ्याने वाचतात ना? आकड्यासकट?

नार्डू: वाचतात.

विस्तीन: इंग्रजीत?

नार्डू: आधी इंग्रजीत. मग आपल्या भाषेत.

विस्तीन: दोनदा. ठीक आहे.

नार्डू: मेना, तू तरी समजाव.

मेना: तुला कळलं नाहीये नार्डू, जाऊ दे. तू डबा उचल आणि बँकेत जा, उशीर होईल. बाबा, लोकरीचे मोजे दोन जोड बांधून देते. रात्री एकावर एक घाला.