आधी संथ, मग वॉल्ट्झ

उदगीरहून लातूरला जाणाऱ्या एसटीत पुढच्या सीटवर बाप-लेक बसले होते. संध्याकाळी लातूरच्या एका कार्यक्रमात लेक सात मिनिटांत पियानोवर दोन रचना वाजवणार होती.

“अप्पा, मी दोन्ही जलद वॉल्ट्झच वाजवणार.”

“दामिनी, एका ताटात दोन्ही भाज्या तिखटच वाढतात का गं? एक ते संथ घे की, नॉक्टर्न.”

“न्हाई. हळू वाजवताना हात थरथरलेले समद्यांना दिसतात.”

“मग तेच आधी वाजव. थरथर तिथंच संपंल. मग सोड तुझा वॉल्ट्झ मोकळा.”

“दुकानात साबण विकता विकता हे कवा शिकलात?”

“तू रोज घरी वाजवत व्हतीस, तवा मी काय कान विकायला ठेवले व्हते?”

“बरं, आधी नॉक्टर्न. पण पहिल्या रांगेत बसून झोपायचं न्हाई.”

“झोपलो तर समज, हात थरथरला न्हाई.”